विश्लेषण : जुन्या लाकडातली कीड उष्णतेने मरते, हे तंत्र राजूरसारख्या गावांपर्यंत यायला हवे

अकोले तालुक्यातील राजूर, भंडारदरा परिसरात पावसाळा म्हणजे चार महिने ओल. जुना खांब, कोरीव दरवाजा किंवा देवळातल्या रथाखाली पिठासारखा भुसा दिसला, की आत अळ्या लाकूड पोखरत असण्याची शक्यता असते. गावोगावी त्यावर रॉकेल किंवा जळके ऑइल लावले जाते. लाकूड काळे पडते. खोलवरच्या अळ्या मात्र वाचतात.

उष्णता काय करते?
साधारण ५५ अंश सेल्सिअसला अंडी, अळ्या, भुंगेरे सगळेच मरतात. निर्यातीच्या लाकडी पॅलेटवरचा ‘एचटी’ शिक्का याचीच खूण. गाभा किमान ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे तापवला, असा त्याचा अर्थ. विषारी वायू नाही, लाकडात रसायनही उरत नाही.

मग रथ थेट भट्टीत का नको?
पॅलेटला तडा गेला तरी चालतो, रथाला नाही. कोरड्या उष्णतेने ओलावा उडतो, लाकूड आक्रसते, रंग सुटतो. म्हणून ऐतिहासिक वस्तूंसाठीच्या कक्षात तापमानाबरोबर हवेतली आर्द्रताही वाढवतात. तापमान हळूहळू चढवतात. जाड तुळईचा गाभा तापायला अनेक तास लागतात.

दुसरे पर्याय?
अतिथंड कक्षात वस्तू गोठवता येते, पण रथ मावेल एवढा फ्रीझर कुठून आणायचा? ऑक्सिजन काढून कीड मारायला काही आठवडे लागतात.

मर्यादा कोणत्या?
मेण, लाख, हस्तिदंत असलेल्या वस्तूंना उष्णता धोक्याची. शिवाय संरक्षण कायमचे नाही. छप्पर गळत राहिले, तर कीड पुन्हा लागू शकते.

काय व्हायला हवे?
लाकूड तापवण्याच्या भट्ट्या निर्यात उद्योगाकडे आहेत. जतनाचे ज्ञान मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयासारख्या संस्थांकडे आहे. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने दोन्हींची सांगड घालून ट्रकवरचा फिरता कक्ष सुरू करावा. संग्रहालयातल्या वस्तूला तज्ज्ञ मिळतो. गावात आजही वापरात असलेल्या वस्तूच्या वाट्याला जळके ऑइल येते. खरी गरज तिथेच आहे.

तोवर घरच्या घरी एक करा. भुसा झाडून खाली काळा कागद ठेवा. काही आठवड्यांत नवा भुसा पडला, तर कीड जिवंत असण्याची शक्यता धरा. वस्तू वेगळी ठेवा, फोटो काढा आणि तज्ज्ञाला दाखवा. कडक उन्हात मात्र ठेवू नका.