टायर घेताना

मंडळी, आमच्या चिरंजीवांच्या गाडीचे कंपनीचे टायर २५,००० किलोमीटरलाच गुळगुळीत झाले. आता त्याला "सर्वांत टिकाऊ" हवेत. मला नाही पटत. टणक रबर टिकतं, पण ओल्यात बहुधा पकड कमी. गिरगावहून परळला नातीला घेऊन जायचं, तेही जुलैत! हिंदमाताचं पाणी काय नवीन आहे? पकड आधी बघा, टिकणं मागाहून.

टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचावेत. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदार सहसा आपणहून दाखवत नाही. आणि अलाइनमेंट आधी तपासून घ्या, नाहीतर नवेही एका बाजूनं झिजतील. खाच १.६ मिलिमीटर उरेपर्यंत कायदा चालवून घेतो; आमच्या घरी पावसाळ्यात ३ च्या खाली चालणार नाही.