माझी क्रेडिट्स चालली, तिचा यमन नाही चालला

मंडळी, आधीच कबूल करतो, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. कळतात ती क्रेडिट्स. वीसेक वर्षांपूर्वी पुण्यातलं एम.ई. अर्धवट सोडून मी परदेशात एम.एस.ला गेलो. तिथल्या प्राध्यापकांनी जुना अभ्यासक्रम पाहिला, चार प्रश्न विचारले आणि दोन विषय माफ केले. अर्ध्या तासाचं काम! त्या विषयांतलं आज मला काही आठवतही नाही.

आता आमच्या सौ.चं ऐका. बी.कॉम., शिवाय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार अशा नऊ परीक्षा, वर गुरूंकडे अनेक वर्षांची तालीम. दर शनिवारी निशी-कासाईत मुलांना शिकवते. परदेशात वाढणाऱ्या मुलांना स्वरज्ञान कसं द्यावं, यावर तिला पीएच.डी. करायची होती. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाने कळवलं, अलंकार ही परीक्षा, पदवी नव्हे, आधी एम.ए. करा, पहिल्या सत्रापासून. त्या सत्राच्या यादीत यमन होता. तो ती सात वर्षांच्या पोरांना शिकवते!

पदवी फक्त विद्यापीठांनीच द्यावी, हे १९५६ च्या यूजीसी कायद्यात आहे. मान्य. पण आधी झालेलं शिक्षण तपासून विषयांत सूट देऊ नका, असं तो कायदा कुठे म्हणतो? २०२१ मध्ये क्रेडिट बँक निघाली. तिथे सौ.ने खातं उघडलं तरी जमा काय करणार? गंमत म्हणजे यूजीसीच्याच २०१८ च्या नियमांत, नामवंत गुरूंकडे शिकलेल्या, आकाशवाणीची वरची श्रेणी असलेल्या पदवीधर कलाकाराला एम.ए.शिवाय सहायक प्राध्यापक होता येतं. म्हणजे शिकवायला चालेल, शिकायला नाही!

कोणी म्हणेल, कुठल्या केंद्रावर परीक्षा कशी झाली कोणास ठाऊक. मग बसवा ना तिला तानपुरा घेऊन दोन तास! नापास झाली तर मुकाट्याने पहिल्या सत्रात बसेल. संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रमही पुरा करेल, ते तिला येत नाही हे तीच सांगते.

आणि हे मी कुठे बसून लिहितोय? जपानमध्ये, जिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत हान्कोशिवाय पान हलत नसे. त्या देशाच्या नियमांतही मास्टर्स नसलेल्या, चोवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाची योग्यता विद्यापीठ स्वतंत्रपणे तपासू शकतं आणि डॉक्टरेटला प्रवेश देऊ शकतं. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते गाणं चारचौघांना रीतसर शिकता यावं म्हणून. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत संगीत विभाग आले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आणि आता तेच विचारतात, हे गांधर्व काय?

वाचकांपैकी कोणी किंवा कोणाचे नातेवाईक एखाद्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर असतील, तर कृपया कळवा. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही पुण्यातच आहोत. परीक्षक तुमचा, राग तुम्ही सांगाल तो.