अमेरिकेचा मध्यमवर्ग कोणावर रागावला आहे?

जानेवारी २०२० मधील गोष्ट. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी आयोवा राज्यात प्रचार करीत असलेल्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांना एका सामान्य बापाने गाठले. विद्यार्थ्यांची कर्जे माफ करू, असे बाईंचे आश्वासन होते. गृहस्थाचा सवाल सरळ होता. मी जादा काम करून, पोटाला चिमटा काढून मुलीच्या शिक्षणाचे पैसे भरले. माझ्याहून जास्त कमावणाऱ्या मित्राने गाडी घेतली, सहली केल्या. आता न साठवणाऱ्यांची कर्जे तुम्ही फेडणार, मग माझे पैसे मला परत मिळणार का? अर्थातच नाही, असे उत्तर मिळाल्यावर गृहस्थ संतापले.

आमच्या वाचकांपैकी अनेकांना हा बाप आपलाच वाटेल. काटकसर करून मुले शिकवणे हा आपल्या घरांचा धर्मच आहे. त्याचा राग खोटा नाही, असे आम्हीही म्हणू. प्रश्न इतकाच की तो राग ज्याच्यावर निघाला, त्याने त्याचे काही नेले होते काय?

थोडा हिशेब पाहू. अमेरिकेत आज ४ कोटींहून अधिक लोकांच्या डोक्यावर सरकारी शैक्षणिक कर्ज आहे आणि त्याची रक्कम १,६०० अब्ज डॉलर्सच्या घरात जाते. हे नेहमी असे नव्हते. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठात १९७६ पर्यंत फी नव्हती. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४४ साली कायदा झाला आणि सुमारे २२ लाख माजी सैनिक सरकारी खर्चाने कॉलेजात गेले. ज्या मध्यमवर्गाचा अमेरिकेला एवढा अभिमान, तो बऱ्याच अंशी या मदतीवर उभा राहिला. कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला मात्र तिचा फार थोडा भाग आला, हेही सांगितले पाहिजे.

पुढे सरकारने हात आखडता घेतला, फी वाढत गेली आणि फीच्या जागी कर्ज आले. हे कर्जही साधे नव्हे. धंदा बुडाला तर अमेरिकन माणूस दिवाळखोरी जाहीर करून मोकळा होऊ शकतो. शैक्षणिक कर्जातून तसे सुटणे कायद्याने फार अवघड करून ठेवले आहे.

याचा परिणाम मुलांच्या निवडीवर होतो. बाविसाव्या वर्षी डोक्यावर कर्ज घेऊन बाहेर पडणारी मुलगी शाळेत शिकवायचे की नाही, हे मनाला विचारून ठरवत नाही, हप्त्याला विचारून ठरवते. शिक्षक, परिचारिका, सरकारी वकील अशांसाठी २००७ साली एक सवलत झाली: १० वर्षे लोकसेवा करा, १२० हप्ते भरा, उरलेले कर्ज माफ. परंतु पहिले अर्जदार दारात उभे राहिले, तेव्हा २०१८ पर्यंत त्यांतले जवळजवळ सगळेच नियमांवर बोट ठेवून फेटाळले गेले. त्यातच आरोग्यविमा बहुधा मालकामार्फत मिळतो. मग नावडती नोकरी सोडायची कशी?

दुसऱ्या बाजूला पदवी नसलेला कामगार आहे, आणि अमेरिकेत प्रौढांमध्ये बहुसंख्या त्याचीच आहे. १९७९ साली कारखान्यांतून सुमारे १ कोटी ९५ लाख लोक कामाला होते. आज ती संख्या १ कोटी ३० लाखांच्याही खाली आहे. किमान वेतनाचा केंद्रीय दर २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर्सवरच थिजला आहे. १९७१ मध्ये शंभरातले ६१ प्रौढ मध्यम उत्पन्न गटात होते, २०२१ मध्ये ५० उरले. काही वर चढले, काही खाली घसरले, आणि एकाच गल्लीतले शेजारी परस्परांना परके झाले.

ऑगस्ट २०२२ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी १० हजार डॉलर्सपर्यंत, आणि गरीब घरातून आलेल्यांना २० हजारांपर्यंत, कर्जमाफी जाहीर केली. तेव्हा ओरड झाली ती हीच, की वकिलाच्या कर्जाचा भार ट्रक चालवणाऱ्याने का सोसावा? सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये ती योजना रद्द केली. पण २००८ साली बँका वाचविण्यासाठी ७०० अब्ज डॉलर्सची तरतूद झाली, तिचे काय? करोनाच्या काळात उद्योगधंद्यांना सुमारे ८०० अब्ज डॉलर्सची कर्जे दिली गेली आणि त्यातली बहुतांश माफही झाली. हे उद्योग वाचवायला नको होते, असे आमचे म्हणणे नाही. मात्र त्या माफीच्या वेळी ट्रकवाल्याची आठवण फारशी कोणाला झाली नाही. मोठ्याची माफी धोरण ठरते, शेजाऱ्याची माफी फुकटेगिरी. राग नेहमी हाताच्या अंतरावरच्या माणसावर निघतो, आणि राजकारण्यांना तेच सोयीचे असते.

या रागाची झळ आता आपल्या घरांपर्यंत आली आहे. एच-वन-बी व्हिसावर जाणाऱ्यांत शंभरातले सत्तरांहून अधिक भारतीय असतात. आमच्या दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात असे घर क्वचितच सापडेल, ज्याचा कोणी तिकडे नाही. तिथल्या त्रस्त शेजाऱ्याला आता हाताच्या अंतरावर आपली मुले दिसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलर्सचे शुल्क जाहीर झाले, त्यामागे हाच राग आहे. तेव्हा राहते घर तारण ठेवून मुलाला तिकडे धाडण्यापूर्वी पालकांनी दोनदा विचार करावा. तिथली पदवी चांगली असेल, परंतु त्यानंतरची नोकरी गृहीत धरून इथले छप्पर गहाण टाकणे शहाणपणाचे नाही.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. आपल्या जुन्या घरांतही असा राग आहे. आम्ही घासून शिकलो, यांना मात्र सवलत, हे वाक्य आपल्या दिवाणखान्यांत रोज ऐकू येते. पण आपण कोणाच्या पैशावर शिकलो? महाराज सयाजीरावांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. आपल्या पणजोबांची नोकरी, आजोबांचे कॉलेज, सारे त्या खजिन्यातून आले. त्याच खजिन्यातून १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ठरल्याप्रमाणे ते राज्याच्या सेवेसाठी १९१७ मध्ये बडोद्यात आले, तेव्हा या शहराने त्यांना राहायला खोली दिली नाही. शिष्यवृत्ती खजिन्याने दिली, शेजार आपण नाकारला. हे विसरून कोणाच्या सवलतीवर बोट दाखवणे आपल्याला शोभत नाही.

आमची सूचना छोटी आहे. आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती आजवर केवळ गुणांवर आणि केवळ पदवीसाठी दिली जाते. येत्या वार्षिक सभेत तीत दोन बदल व्हावेत. वीजतंत्री, नळकाम, परिचर्या असे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनाही ती मिळावी. आणि घेणाऱ्याने कमावू लागल्यावर एका तरी मुलाचा खर्च उचलावा, मग ते मूल कोणत्याही जातीचे, कोणत्याही गल्लीतले असो. सभासदांनी सभेला यावे आणि या प्रश्नावर मत नोंदवावे.