रूम फुल आहे, ताई!

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झालेला बोले ठराव आपल्याकडच्या प्रत्येक वक्त्याला तोंडपाठ असतो. त्याच्याच आधारावर २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उतरले, हेही पाठ असतं. पण त्या ठरावात पाणवठे आणि विहिरी यांच्याच ओळीत आणखी एक शब्द होता: धर्मशाळा. तो शब्द आपण गिळून टाकला. पाण्याचा लढा आपल्या स्मृतीत राहिला, मुक्कामाचा राहिला नाही. म्हणूनच आज लॉजच्या काउंटरवर आपलं आडनाव वाचून कोणी ‘रूम फुल आहे’ म्हणालं की आपण त्याला अपमान म्हणत नाही, गैरसोय म्हणतो. आणि मुकाट्याने पुढच्या लॉजचा जिना चढतो.

आपलं शहर एकेकाळी आशियात सर्वांत वेगाने वाढणारं शहर म्हणून मिरवायचं. इथे स्टेशन रोडला, मध्यवर्ती बसस्थानकाभोवती, पैठण गेटच्या बाजूला स्वस्त लॉज आहेत. तिथे कोण उतरतं? वेरूळ-अजिंठ्याचे पर्यटक आपण गृहीत धरतो. पण खंडपीठात तारीख असलेला परभणीचा शेतकरी, घाटीत आईला भरती केलेला बीडचा ऊसतोड कामगार, परीक्षेसाठी आदल्या रात्री आलेली हिंगोलीची मुलगी, हे या शहराचे खरे मुक्कामी पाहुणे आहेत. यांच्यासाठी पाचशे-सातशेची खोली ही चैन नसते. ती नाही मिळाली तर घाटीचा व्हरांडा किंवा स्टेशनचा फलाट असतो.

काउंटरवरची भाषा आपल्याला ओळखीची आहे. ‘पूर्ण नाव?’ ‘आडनाव?’ ‘गाव कोणतं?’ ‘गावात कुठे राहता?’ यातला शेवटचा प्रश्न पोलिसांच्या कोणत्या नियमात बसतो, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मुस्लिम पोरांना तर आडनावापर्यंतही जावं लागत नाही, पहिलं नाव पुरतं. मी स्वतः एका कार्यशाळेसाठी मुंबईला गेले होते. रात्री साडेनऊला एका लॉजच्या काउंटरवर आधार कार्ड ठेवलं. मॅनेजरने ते वाचलं, उलटं केलं, परत वाचलं आणि विचारलं, ‘सोबत कोणी जेंट्स नाही?’ नाही म्हटल्यावर, ‘मग रूम फुल आहे, ताई.’ मोबाईलवर त्याच लॉजच्या तीन खोल्या रिकाम्या दिसत होत्या. नाकारलं ते बाई म्हणून की आडनाव म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. व्यवस्थेची खुबी हीच आहे. ती कारणं एकमेकांत मिसळून ठेवते, म्हणजे तुम्ही बोट नेमकं कशावर ठेवायचं ते तुम्हालाच कळू नये.

आता आपल्यातले काही शिकलेले बांधव म्हणतील, ‘ताई, चांगल्या हॉटेलात उतरा ना. पैसे असले की कोणी जात विचारत नाही.’ मग त्यांनी १९१७ चं बडोदं आठवावं. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, बडोदा संस्थानात अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात रुजू झालेला तरुण. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे माहीत असल्याने पारशी नाव घेऊन तो पारशी वसतिगृहात राहतो आणि रोजचा दीड रुपया मोजतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दाराशी येतात. शिक्षण होतं, नोकरी होती, भाड्याला पैसेही होते. शेवटी सामान घेऊन कामाठी बागेत थांबायचं आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची, एवढंच हाती उरलं. १९३४ ला तेच बाबासाहेब वेरूळची लेणी पाहायला कार्यकर्त्यांसह आपल्याच भागात आले, तेव्हा वाटेत त्रास नको म्हणून ओळख झाकून प्रवास करायचं ठरलं होतं. तरी दौलताबादच्या किल्ल्याजवळ हौदाच्या पाण्याने हात-तोंड धुतलं म्हणून जमाव अंगावर आलाच. बडोद्यात पारशी होते, दौलताबादला मुसलमान. जात ही केवळ हिंदूंच्या घरातली वस्तू नाही, हे आपण सोयीने विसरतो.

आणि आजचा विनोद पाहा. याच शहरातल्या हॉटेलांच्या लॉबीत बुद्धाचं मस्तक असतं. कारंज्याशेजारी, रिसेप्शनमागे, कधी स्पाच्या दाराशी. जपानी-थायी भिक्खू उतरले की हात जोडून स्वागत होतं. बुद्ध सजावटीला चालतो. त्याच्या नावाने जगणारा कांबळे, वाघमारे, साळवे आला की रजिस्टर बंद होतं.

दुसरी सूचना नेहमी येते की आपणच आपली धर्मशाळा बांधू. ६ डिसेंबरला दादरला येणाऱ्या लाखोंसाठी, दीक्षाभूमीवर येणाऱ्यांसाठी निवारे हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण सार्वजनिक हक्काच्या जागी आपली वेगळी खोली बांधून गप्प बसणं म्हणजे चवदार तळ्याऐवजी आपली वेगळी विहीर खणणं. ज्ञातीच्या धर्मशाळा या देशात काय कमी आहेत?

तिसरी गोष्ट आंतरजातीय जोडप्यांची. घरातून जिवाच्या भीतीने निघालेल्या पोरापोरींना पहिली रात्र कुठे काढायची हा प्रश्न असतो आणि लॉजवाला म्हणतो, ‘लोकल आयडी चालणार नाही.’ २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे उभारण्याबाबत निर्देश दिले. तुमच्या जिल्ह्यात तो निवारा कुठे आहे, विचारून पाहा बरं.

कायदा नाही असं नाही. संविधानाचं कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन बोलतं. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, त्याचं कलम ४ हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना सगळं मोजतं. अमेरिकेत काळ्या प्रवाशांना कुठे उतरता येईल याची यादी असलेलं ग्रीन बुक १९३६ पासून छापलं जायचं. तिथे हॉटेलातला भेद देशभर बेकायदा ठरायला १९६४ उजाडलं. आपण कागदावर चौदा वर्षं पुढे होतो! पण आपल्या कायद्यातली शिक्षा बघा. एक ते सहा महिने कैद आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. ज्या खोलीसाठी नकार दिला, तिच्या एका रात्रीच्या भाड्याहून दंड कमी. हा आकडा बदलावा म्हणून आपल्या किती आमदार-खासदारांनी आवाज उठवला?

त्याच कायद्याचं कलम १२ मात्र धारदार आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असा गुन्हा घडला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो अस्पृश्यतेच्याच कारणावरून घडला असं न्यायालय गृहीत धरतं. १९९० पासून बौद्धही यात येतात. अडचण एकच. खोली रिकामी होती, याचा पुरावा लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी ‘फुल आहे’ ऐकलं की जिना उतरू नका. मोबाईलवर त्याच लॉजची रिकामी खोली शोधा, तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या, सोबतच्या माणसाला वेगळ्या आडनावाने फोन करून खोली विचारायला लावा, बोलणं रेकॉर्ड करा आणि त्याच रात्री ठाण्यात लेखी तक्रार द्या. आणि महानगरपालिकेकडे आपण एक मागणी लावून धरू: प्रत्येक लॉजच्या दर्शनी भागात दरपत्रकाशेजारी त्या दिवशीच्या रिकाम्या खोल्यांचा आकडा लावणं परवान्याची अट करा. त्याचं निवेदन तयार आहे. सह्या करायला येताना आधार कार्ड आणायची गरज नाही.