लुमेनचा हिशेब प्रवाळाला लागू नाही
लक्षद्वीपच्या प्रवाळांचे २०२४ मधील विरंजन वाचून आपण हळहळतो आणि घरच्या प्रवाळ-टाकीसाठी दिवा मात्र लुमेन पाहून घेतो! लुमेन हे मानवी डोळ्याचे परिमाण. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला ते झुकते माप देते. प्रवाळाच्या पेशींत वसणारे शैवाल मुख्यतः जगते ४५० च्या आसपासच्या निळ्यावर. तेव्हा पीएआर, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील फोटॉनांची मोजणी, विक्रेत्याने पाण्याच्या खोलीनिशी सांगितलीच पाहिजे. ‘जितका प्रखर तितका उत्तम’ हा तर निव्वळ अडाणीपणा: तापलेल्या पाण्यात अतिप्रकाशाने हे सहजीवन अधिकच लवकर तुटते. आणि भारतीय समुद्रातले भित्तिका रचणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते उचलून टाकीत आणणे हा गुन्हा आहे, दिवा कोणताही असो.