रानांतील गुरु
सोलापुरासारख्या कोरड्या मुलखांत वाढलेल्यास घोर अरण्याची वाट कोणीं दाखवावी? याच नगरांत १९३२ सालीं जन्मलेले कै. मारुति चितमपल्ली यांचें चरित्र याचें उत्तर देतें. वनाधिकारी या नात्यानें नवेगांव, नागझिरा, मेळघाट येथील रानें त्यांनीं पायांखालीं घातलीं. परंतु पांखरांचे बोल, पाणवठे व माग यांचें ज्ञान त्यांनीं ग्रंथांप्रमाणेंच रानांतील जाणत्यांकडूनहि घेतलें. २००६ सालीं सोलापुरांतच भरलेल्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. म्हणून अनेक दिवसांच्या वनयात्रेस निघणाऱ्या तरुणांनीं ध्यानांत ठेवावें कीं, वाटाड्या हा हमाल नव्हे, गुरु होय. त्याच्या मागून चालावें, तो थांबेल तेथें थांबावें आणि ऐकलेलें मुक्कामावर टिपून ठेवावें. त्याची विद्या पोथींत नाहीं; तो गेला कीं तीहि गेली.