मांडवातला दुसरा नारायण

आपल्या चर्चासत्रांतून आणि उत्तरपत्रिकांतून 'सपाट व्यक्तिरेखा' हा शब्दप्रयोग फार स्वस्त झाला आहे. मध्यंतरी एका चर्चासत्रात मराठी विनोदी गद्यावरचा एक निबंध ऐकला. निबंधकर्त्याने चिमणरावाला 'गुंतागुंतीचा मध्यमवर्गीय नायक' म्हणून गौरविले आणि गुंड्याभाऊला दोन वाक्यांत निकालात काढले : तो सपाट आहे, त्याला अंतःसंघर्ष नाही, तो केवळ मदतीला येतो. हे 'केवळ' मला खटकले ते अजून खटकतेच आहे.

मुळात ज्या ई. एम. फॉर्स्टरच्या नावाने हा शिक्का मारला जातो, त्याने १९२७च्या आपल्या व्याख्यानांत असे म्हटलेच नव्हते. सपाट पात्रे ही गोल पात्रांएवढी मोठी निर्मिती नव्हे हे त्याने मान्य केले. पण ती विनोदात सर्वाधिक खुलतात हेही सांगितले आणि डिकन्सची बाजू घेतली. आपण पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा पाठ्यक्रमाबाहेर ठेवला. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पढतमूर्खाचा समास या ठिकाणी आठवल्यास दोष माझा नाही.

समर्थांचा विषय निघालाच आहे, तर तो बाजूला सारून चालणार नाही. विनोदाला हिणवण्यासाठी त्यांची एक ओवी वर्षानुवर्षे पुढे केली जाते. तो समर्थांवर अन्याय आहे. मूर्खलक्षणांचा समास ज्याने लिहिला, त्याला माणसांच्या घरगुती वेडगळपणाची किती बारीक जाण होती हे वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. माझे म्हणणे मात्र वेगळेच आहे, आणि ते जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थ येथे गेल्यावर सुचले. सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी १६०८ साली नारायण जन्मला तो इथे. परंपरा सांगते की बाराव्या वर्षी बोहल्यावर 'सावधान' हा शब्द ऐकताच तो पळाला. ही कथा सांगताना आजही सांगणाऱ्याचा आवाज चढतो. पण ज्या घरातून तो गेला त्या घराचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण विचारत नाही. वडील आधीच वारलेले. आई राणूबाई घरी. आणि थोरला भाऊ गंगाधर, ज्याला संप्रदाय 'श्रेष्ठ' म्हणतो, तो जांबेतच राहिला. त्याने संसार केला, आईला सांभाळले, ग्रंथरचनाही केली. तपे लोटल्यावर धाकटा भाऊ परत भेटीला आला तेव्हा दार उघडे होते. ते कोणीतरी उघडे ठेवले होते म्हणून. चरित्रकारांच्या लेखी गंगाधर हा दुय्यम पात्र आहे. बखरी संप्रदायाने लिहिल्या, त्यामुळे ते अटळही असेल. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाने बखरकाराचीच नजर उसनी का घ्यावी?

आता दुसरा नारायण पाहा. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ति आणि वल्ली'तला. जांबेचा नारायण स्वतःच्या लग्नातून निघून गेला. हा दुसऱ्यांच्या लग्नातून पाय काढत नाही. खरेदीपासून पाठवणीपर्यंत सगळ्यांना तो हवा असतो, आणि कार्य उरकले की कोणाला त्याची आठवण उरत नाही. त्या लेखात हसू नारायणाच्या धांदलीचे येते. पण लेख मिटल्यावर मनात राहतो तो त्या घराचा सोयीस्कर विसर. नारायण जरादेखील बदलत नाही, आणि तो बदलत नाही म्हणूनच भोवतालचे सगळे उघडे पडतात. याला सपाटपणा म्हणायचे असेल तर म्हणा. मी त्याला मोजपट्टी म्हणेन.

चिं. वि. जोशींनी तर याहून सूक्ष्म काम केले आहे. तिथे सांगणारा चिमणराव स्वतःच आहे : भित्रा, हिशेबी, स्वतःच्या अब्रूची सतत काळजी करणारा. सोटा घेतलेला, आडदांड, बोलण्यात फटकळ असा गुंड्याभाऊ आपल्याला दिसतो तो या भित्र्या माणसाच्या डोळ्यांनी. म्हणजे त्याचा चांगुलपणा कोठेही वर्णिलेला नाही. तो निवेदकाच्या कानकोंडेपणातून आपल्याला काढून घ्यावा लागतो. दूरदर्शनवर हे पात्र बाळ कर्वे यांनी साकारले. ऑगस्ट २०२५मध्ये ते गेले तेव्हा लोकांनी त्यांना गुंड्याभाऊ म्हणूनच निरोप दिला. चार दशकांहून अधिक काळ लोकांच्या मनात टिकलेल्या पात्राला 'केवळ' म्हणणारी समीक्षा कोणाशी बोलते आहे?

हा प्रकार आपल्याच साहित्यापुरता नाही. जपानमध्ये माचिको हासेगावा हिच्या 'साझाए-सान' या चित्रपट्टीवरून केलेली कौटुंबिक विनोदी मालिका १९६९पासून दूरचित्रवाणीवर चालू आहे. त्यातला मासुओ हा साझाएचा नवरा सासुरवाडीत राहतो. आपल्याकडे घरजावई म्हटले की प्रहसनकाराची लेखणी आपोआप वाकडी होते. मासुओ मात्र स्वतःचे आडनाव राखून, सासऱ्यांसोबत, मेहुण्यांच्या खोड्या सोसत, सौम्यपणे नांदतो. पत्नीच्या आईवडिलांसोबत राहणाऱ्या पुरुषाला जपानी भाषेत 'मासुओ-सान' म्हणण्याचा प्रघात पडला. दुय्यम पात्राने भाषेला शब्द द्यावा, हे किती नायकांना जमले आहे?

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. अशा पात्रांचे कौतुक करणे म्हणजे फुकट राबणाऱ्यांच्या गळ्यात हार घालून त्यांना पुन्हा राबायला पाठवणे नव्हे काय? विशेषतः घराघरांतल्या बायका हेच काम बिनबोभाट करीत आल्या असताना, त्यांच्यावर 'व्यक्ति आणि वल्ली'त एखादे प्रकरण का नाही, असे कोणी विचारले तर माझ्यापाशी तयार उत्तर नाही. राणूबाईंनी वाट पाहिली. त्या वाट पाहण्याला परंपरेने गेलेली दृष्टी परत येण्याचा चमत्कार जोडला, आणि तिचे रोजचे दिवस त्या चमत्काराखाली झाकले गेले. हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातून निघते ते हे की या पात्रांविषयी अधिक लिहावे, अधिक रोखून वाचावे. 'सपाट' म्हणून पान उलटणारा त्या श्रमाची दखल घेत नाही, की त्या शोषणाचीही.

तेव्हा प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती. 'चिमणरावाचे स्वभावचित्र रेखाटा' हा प्रश्न पुष्कळ वेळा विचारून झाला. एकदा गुंड्याभाऊकडून चिमणरावाची हकीकत लिहवून घ्या, आणि जमल्यास गंगाधरपंतांकडून त्या लग्नाच्या दिवसाची.